उकिडवं बसता येतं ना, मग स्क्वॉट येतो

“गुडघे पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचे नाहीत, गेले की गुडघ्यांची वाट लागली म्हणून समजा.” पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये नाव नोंदवा, पहिल्या आठवड्यात स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारायची बैठक, शिकताना हे वाक्य कानावर पडणारच, आणि सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की आपण निमूट मान डोलावतो. पण जरा डोकं चालवा ना. आपल्याकडे बायकांनी पिढ्यानपिढ्या उकिडवं बसून धुणीभांडी केली, शेतात खुरपलं, आणि सकाळचा मुख्य कार्यक्रम तर आत्ताआत्तापर्यंत सगळ्यांचाच उकिडवं बसून व्हायचा. त्यात गुडघे बोटांपुढे जातातच, त्याशिवाय बूड खाली जाणार कसं? तालमीतले पैलवान बैठका मारतात तेव्हा टाचासुद्धा उचललेल्या असतात, गुडघे पार पुढे, आणि बैठका मोजायच्या त्या शेकड्यात. हा नियम खरा असता तर अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रातले पैलवान विशीतच काठी घेऊन फिरले असते.

अमेरिकेत २००३ साली यावर एक छोटा प्रयोग झाला होता, सात जणांवर, पायांपुढे फळी उभी करून स्क्वॉट मारायला लावले, म्हणजे गुडघे पुढे जायची सोयच नाही. गुडघ्यावरचा जोर साधारण २२ टक्क्यांनी कमी झाला हे खरं, पण खुब्यावरचा जोर वाढून दहापट झाला. सात माणसं म्हणजे काही जग नव्हे, पण हे कळायला खरं तर प्रयोगाचीही गरज नाही, गुडघा अडवला की तोल सांभाळायला छाती पुढे पडते आणि छाती पुढे पडली की रॉडचं वजन कंबर पेलते. म्हणजे गुडघे वाचवायला गेलो आणि कमरेत उसण भरून घरी आलो. ज्यांचे गुडघे आधीपासून दुखतायत त्यांनी डॉक्टरला नाहीतर फिजिओला दाखवूनच काय ते करावं, पण धडधाकट माणसाला घाबरवून अर्धवट स्क्वॉट मारायला लावणं मला अजिबात पटत नाही.

आता हे सांगणारी मी कोण? कोणी नाही. वय चव्वेचाळीस, कोथरूडला घर, बाणेरला ऑफिस, दिवसभर खुर्ची आणि एक्सेल. ट्रेनरचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. पण गेली काही वर्षं नियमित वजनं उचलतेय, त्या काळात तेरा-चौदा किलो उतरलेत, आणि तेव्हापासून लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, लिफ्टमध्ये, जो भेटेल तो एकच विचारतो, “काय खातेस गं?” आणि त्याला जोडून “दीक्षित का दिवेकर?”, म्हणजे डाएट डॉ. दीक्षितांचं का ऋजुता दिवेकरांचं. स्क्वॉटबद्दल आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही, म्हणून मी मुद्दाम तिथूनच सुरू केलं. माझं म्हणणं असं की वजन उतरतं ते स्वयंपाकघरात, आणि जिमला जायचं ते उचलायला शिकायला. दोन्हीचा एकमेकांना उपयोग होतो, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही फसतं. तासभर ट्रेडमिलवर घाम गाळून स्क्रीनवर तीनशे कॅलरी बघून खूश होणारी आणि घरी जाताना तेवढ्याचाच वडापाव खाणारी मंडळी मी रोज बघते. वडापावबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या तासाबद्दल आहे.

पूर्वी मी ज्या जिमला जायचे (नाव नको) तिथे एसी होता, चारी बाजूंनी आरसे होते, गाणी इतकी मोठ्याने की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये, आणि वर्षाचं पॅकेज भरून घेईपर्यंत आदरातिथ्यही भरपूर होतं. नंतर ट्रेनर मोबाईलमधून डोकं वर काढायचा ते फक्त पर्सनल ट्रेनिंगचे वेगळे पैसे भरा हे सांगायला. सगळ्यांना एकच कागद, सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, मग पन्नाशीचे काका असोत नाहीतर बारावीतला मुलगा. आता जाते ती जागा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल, पंखे, रबरी मॅट, दोन रॅक (रॉड अडकवून ठेवायचे उभे सांगाडे) आणि आमचे सर. सर मुळशीकडचे, लहानपण तालमीत गेलेलं, पुढे पॉवरलिफ्टिंगकडे वळले, बोलणं रोखठोक आणि सगळ्यांना ताई नाहीतर दादा. तसा व्यायाम या गावाला नवीन नाहीच. गुरुजी तालीम म्हटलं की आपल्याला मानाचा तिसरा गणपती आठवतो, पण पेठांमधल्या इतक्या मंडळांच्या नावात तालीम उगाच आलेली नाही, आणि कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी व्यायामासाठी महाराष्ट्रीय मंडळ काढलं ते १९२४ साली. नवीन आहेत ते आरसे आणि पॅकेज.

सरांनी पहिले काही आठवडे मला रॉडला हातच लावू दिला नाही. एक डंबेल उभं धरायचं, दोन्ही तळव्यांत, छातीला चिकटवून, आणि बसायचं. “ताई, उकिडवं बसायचंय, दुसरं काय नाय. बसा. आता टीशर्टवर काय लिवलंय ते मला वाचू द्या.” म्हणजे छाती वर. याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात, आणि नवीन माणसाला याच्यासारखा दुसरा प्रकार नाही, कारण वजन समोर असलं की आपण मागे कलंडत नाही आणि पाठ आपोआप ताठ राहते. माझ्या टाचा उचलल्या जायच्या. आमची पिढी कमोडवाली, त्यात खुर्ची, घोटे आखडलेले. सरांनी टाचांखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा सरकवल्या आणि “आता” म्हणाले, आणि मी खाली गेले ती थेट खाली, कोपरं मांड्यांच्या आत. गंमत म्हणजे हॉलची साफसफाई करणाऱ्या मावशी तिथेच उकिडव्या बसून फरशी पुसत होत्या, टाचा जमिनीवर, पाठ सरळ, पाच मिनिटं झाली तरी हलायचं नाव नाही. सर म्हणाले, “त्यांच्याकडं बघा, फुकट डेमो हाय.”

रॉड आल्यावर मात्र शिकायला बरंच असतं. रॉड मानेवर ठेवायचा नाही. मान पुढे वाकवली की मागे जे हाड हाताला लागतं त्याच्या खाली, खांदे मागे ओढल्यावर जो मांसल भाग फुगतो त्याच्यावर. रॅकमधून काढला की दोन पावलं मागे, बास, तो घेऊन फिरायला जायचं नाही. पाय साधारण खांद्याएवढे, चवडे किंचित बाहेर. मग श्वास, आणि इथेच सगळी मेख आहे. श्वास पोटात भरायचा आणि आता कोणीतरी बुक्की मारणार आहे असं समजून पोट चहूबाजूंनी कडक करायचं, पुढून, बाजूंनी, मागून कमरेतसुद्धा. पोट आत ओढायचं नाही. हे बायकांना फार जड जातं कारण फोटो म्हटलं की पोट आत घ्यायची जन्मभराची सवय. तो श्वास धरून खाली जायचं आणि वर येताना अवघड टप्पा पार झाला की सोडायचा. बीपी असेल तर हे श्वास धरून ठेवणं डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, हे मात्र कळकळीने सांगते. गुडघे चवड्यांच्या दिशेने. पुढे गेले तर जाऊ देत, पण आत पडायला लागले तर वजन कमी करा. किती खाली जायचं याचा पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतला नियम असा की मांडी आणि पोट यांच्यामधली घडी गुडघ्याच्या माथ्याखाली गेली पाहिजे. पण आपण काही स्पर्धेला उभ्या नाही. खाली जाता जाता माकडहाड आत वळायला लागलं, कंबर गोल व्हायला लागली की तिथे थांबायचं, तीच आपली खोली. स्वतःला हे दिसत नाही, म्हणून बाजूने मोबाईल लावून व्हिडिओ काढायचा. समोरून नाही, बाजूने. इन्स्टावर टाकायला नाही, बघायला.

बुटांबद्दल थोडं, कारण यात लोक हजारो रुपये घालवतात. पळायचे जाड गुबगुबीत सोलचे बूट स्क्वॉटला एकदम बेकार, टाच डुगडुगते आणि जोर स्पंजातच जिरतो. लिफ्टिंगचे खास बूट नंतर बघू, शाळेत पीटीला घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतायत? सपाट, पातळ, कडक तळ, काही शे रुपयांत मिळतात. मी तेच घालते. मुलगा म्हणतो, “आई, पंधरा ऑगस्टच्या परेडला चाललीयेस का?”

आणि रॉडचं वजन. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, बायकांच्या वेटलिफ्टिंगचा १५ किलोचा. पण छोट्या जिममधले रॉड कुठे आठ किलोचे, कुठे बारा, बहुतेकांवर काही लिहिलेलंच नसतं आणि प्रत्येकजण आपला वीस धरून आकडे ठोकतो. आधी स्वतः वजनकाट्यावर उभं राहायचं, मग रॉड घेऊन, आणि वजाबाकी करायची, संपलं. आमच्याकडे सरांनी प्रत्येक रॉडला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने आकडा लिहिलाय. एका रॉडवर ९.६ आहे. ते .६ मला फार आवडतं.

डेडलिफ्ट हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. नाव ऐकून आमच्या घरी घाबरले होते, पण करायचं एवढंच की जमिनीवरची वस्तू उचलून सरळ उभं राहायचं. आपण दिवसभर तेच करत असतो, पाण्याची बादली, दळणाचा डबा, दाराशी आलेला सिलेंडर. गॅस १४.२ किलो आणि टाकीचं लोखंड धरून तो भरतो तीसएक किलो, आणि घरोघरी तो पाठीची कमान करून ओढला जातो, मग “काय झालं कोणास ठाऊक, नुसती वाकले आणि उसण भरली”. पाठीतून वाकणं वेगळं आणि खुब्यातून वाकणं वेगळं, आणि हा फरक शब्दांनी समजावता समजावता भले भले थकतात. सरांनी मला एवढंच विचारलं, “ताई, दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या हायत, मागं दार उघडं राह्यलंय, लावायचंय. काय करनार?” म्हटलं बुडाने ढकलणार. “मग ढकला की.” ढकललं. बूड मागे गेलं, छाती पुढे आली, पाठ होती तशी सरळ, मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या. झालं, हाच डेडलिफ्ट, आता फक्त हातात रॉड द्यायचा.

बारकावे आहेतच. रॉड पावलाच्या मधोमध, म्हणजे वरून बघितलं तर बुटाच्या लेसच्या गाठीवर दिसायला हवा. तो जागचा न हलवता वाकून धरायचा, मग नडग्या रॉडला टेकेपर्यंत गुडघे पुढे, छाती वर, श्वास. आणि एकदम हिसका मारायचा नाही. आधी हळूच ताण द्यायचा, रॉड आणि प्लेटांमधली ढिलाई निघून ‘टक’ असा बारीक आवाज येतो, तो आला की पायांनी जमीन खाली ढकलायची. रॉड नडगीला घासतच वर येतो, म्हणून डेडलिफ्टच्या दिवशी फुल पँट, नाहीतर नडगी सोलवटते आणि ऑफिसमध्ये लोक विचारतात कुठे पडलीस. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटा ४५ सेंटिमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे रॉड जमिनीपासून २२.५ सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर एक वीत वर असतो. आपल्यासारख्या नवशिक्यांच्या पाच-दहा किलोच्या प्लेटा असतात छोट्या, रॉड पार घोट्याशी जातो, आणि तिथून उचलायला गेलं की पाठ गोल होणारच. चूक पाठीची नाही, प्लेटची. दोन्ही बाजूंना मॅटचे तुकडे नाहीतर जास्तीच्या प्लेटा रचा, रॉड वीतभर वर घ्या, निम्म्या लोकांचा डेडलिफ्ट त्याच दिवशी सुधारेल.

बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं पडून रॉड वर ढकलण्यावर, मी लिहीत नाही, त्यावर बोलायला फर्ग्युसन रोडवरची सगळी मुलं समर्थ आहेत. फक्त अंगठा रॉडभोवती गुंडाळा, आणि एकटे असाल तर रॉडला क्लिपा लावू नका, अडकलात तर एक बाजू कलती करून प्लेटा पाडता आल्या पाहिजेत.

वजन वाढवायचं ते कासवाच्या गतीने. अजून दोन सहज निघाले असते असं वाटत असतानाच सेट संपवायचा, आणि ठरवलेले सगळे रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा उचलणं, नीट आले की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. सव्वा किलोच्या प्लेटा जिममध्ये असणं याला मी फार महत्त्व देते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखून जिना उतरता येत नाही हे सुरुवातीला होतं, पण ते काही प्रगतीचं सर्टिफिकेट नाही, दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला असंही नाही.

बायकांचा नेहमीचा प्रश्न, “अंग पुरुषी होईल का?” मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर उचलले, रौप्यपदक आणलं, तिच्याकडे बघा आणि सांगा. आपल्या शरीरात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नाही, आणि जे मुलगे तसं अंग कमवायला रात्रंदिवस झटतायत त्यांनाही ते होत नाही, आपल्याला चुकून कुठून होणार.

आईचा आक्षेप वेगळा होता. “अगं, बाईमाणसाने एवढं वजन उचलू नये, अंग बाहेर येतं.” मी हसण्यावारी नेलं नाही. तिने बघितलेलं आहे, बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर हंडे आणि पाटीवर माती वाहणाऱ्या बायका, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही. ती भीती खोटी नाही. पण कमकुवत शरीरावर एकदम ओझं टाकणं आणि दोन किलोपासून सुरू करून महिनोन्‌महिने शरीराला सवय लावणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. खाली जड वाटणं, खोकताना किंवा वजन उचलताना थेंब गळणं, असं काही असेल तर गायनॅक आणि मग या विषयातली फिजिओ, दोघींना भेटा. “वयानुसार होतं” म्हणून पॅड लावून गप्प बसलेल्या माझ्या किती मैत्रिणी आहेत, आणि त्यावर व्यायामच असतात. हाडांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची एक चाचणी झाली, निकाल आले २०१८ साली, पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या बायकांना जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर प्रेस करायला लावलं, तेही चांगल्या जड वजनाने, आणि आठ महिन्यांनी मणक्याची हाडं पातळ व्हायची थांबलीच, उलट थोडी घट्ट झाली.

आईला हे सगळं ऐकवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की तिथे साडी चालते का. डॉक्टरने हो म्हटल्यावर आता ती सलवार कमीज घालून येते, एकोणसत्तर वय, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि स्टुलावर ठेवलेलं बारा किलोचं केटलबेल (वर कडी असलेला लोखंडी गोळा) उचलून उभं राहणं, एवढंच करते. सर तिला आज्जी म्हणतात, ती सरांना “अरे, तू जेवलास का” विचारते. देवासमोर पाटावरून उठताना आता भिंत धरावी लागत नाही हे तिने मला नाही, माझ्या मावशीला फोनवर सांगितलं.

आता ज्यासाठी सगळे थांबलेत ते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज चारशे कमी गेल्या पोटात तर एका किलोला वीसएक दिवस. याला शॉर्टकट नाही. आठवड्यात पाच किलोवाल्या जाहिराती असतात त्यात बहुतेक पाणीच असतं, शरीर पिष्टान्नाचा साठा करतं तो ग्लायकोजेन म्हणून आणि एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, भात-पोळी बंद केली की साठा संपतो, पाणी जातं, काटा घसरतो, सगळे खूश, आणि गणपतीत दोन मोदक खाल्ले की काटा परत जागेवर. बायकांचं पाळीच्या आधी एखाद-दोन किलो पाणी वाढतं ते वेगळंच. मी काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवते. कमरेचा घेर आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात, त्याच्या वर गेला की साखर-बीपीचा धोका वाढतो. आणि तो पट्टा लावून पोटाचा घाम काढणारे काका, त्यांना कोणीतरी सांगा की चरबी कुठली आधी जाणार हे शरीर ठरवतं.

आमच्या घरात सगळ्यात मोठा बदल झाला तो तेलाच्या पळीचा. एक मोठा चमचा, १५ मिली तेल, म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीला पळी “अंदाजे” वळते. मी मापाचे चमचे आणले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता औषधासारखं तेल देणार का आम्हाला?” नंतर दाण्याचं कूट. आपल्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, आणि वर “शेंगदाण्यात प्रोटीन असतं हो”. असतं, १०० ग्रॅममध्ये पंचवीसएक ग्रॅम, पण त्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. साबुदाण्यात तर प्रोटीन जवळजवळ नाहीच, निव्वळ स्टार्च, त्यामुळे उपासाच्या दिवशी खिचडी खाऊन “आज हलकं खाल्लं” म्हणणं हा आपला राष्ट्रीय विनोद आहे. खा, छानच लागते, पण हलकं म्हणू नका.

प्रोटीनचा हिशोब असा की आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, आणि वजनं उचलणाऱ्याला त्याच्या साधारण दुप्पट, १.६ च्या आसपास. मला म्हणजे शंभरच्या वर. एका वाटी वरणात असतं पाच-सहा ग्रॅम. वरण-भाताने प्रोटीन होत नाही हे ऐकून सासूबाई खरंच दुखावल्या होत्या, दोन दिवस विषय काढला नाही मी. मग आमच्याकडे काय चालतं, तर अंडी (एकात सहा ग्रॅम), मोड आलेली मटकी, सोयाबीनच्या वड्या, त्यात १०० ग्रॅमला पन्नासच्या वर प्रोटीन आणि रस्सा नीट केला तर घरातले ओळखतही नाहीत, आणि चक्का. रात्री दही फडक्यात बांधून ठेवायचं, सकाळी साखर न घालता, काकडी, मीठ, जिरेपूड. बाहेर ग्रीक योगर्ट म्हणून छोट्या डबीचे काय पैसे घेतात, तो आपला चक्काच की. उरलेलं कमी पडतं तिथे एक स्कूप व्हे प्रोटीनची पावडर, त्यात काही पाप नाही, ते दुधापासूनच होतं.

दीक्षित का दिवेकर याचं उत्तर द्यायचं तर दीक्षितांचं दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवण अनेकांना लागू पडलं ते मी बघितलंय, मधलं चहा-बिस्किट, फरसाण, ऑफिसचा केक सगळं एका फटक्यात बंद होतं. पण दोनच जेवणांत शंभर ग्रॅम प्रोटीन बसवायचं म्हणजे जेवण नाही, कामगिरी होते. मला तीन वेळा खाल्लेलं मानवतं. ज्याला जे वर्षभर निभावता येईल ते त्याने करावं, यावरून व्हॉट्सॲपवर नात्यातल्या माणसांशी भांडू नये, आमच्याकडे एक मामा अजून ग्रुपबाहेर आहेत.

रविवारी आम्ही अतकरवाडीतून सिंहगड चढतो. सहाशे मीटरच्या आसपास चढ, माझ्या वजनाच्या माणसाच्या चारशेएक कॅलरी जात असतील, आणि वर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी, मडक्यातलं दही, म्हणजे हिशोब कधीच उलटा फिरलेला असतो. मी सगळं खाते. उरलेले सहा दिवस चमच्याने तेल मोजायचं ते कशासाठी? पण फरक उतरताना कळतो, पूर्वी अर्ध्या वाटेत मांड्या थरथरायच्या, दगड धरून बसत बसत उतरायचे, आता मुलाच्या पुढे असते.

बाकी “कुठलं जिम चांगलं” असं विचारणाऱ्यांसाठी, पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ नुसतं जाऊन उभे राहा. रॅक आहे का, त्याला आडवे सेफ्टीचे दांडे आहेत का, सव्वा किलोच्या प्लेटा आहेत का, ते बघा. ट्रेनर नवीन माणसाचा सेट चालू असताना त्याच्या गुडघ्यांकडे बघतोय का स्वतःच्या दंडाकडे. एखादी पन्नाशीची बाई रॉड घेऊन काही करतेय का, करत असेल तर तिलाच विचारा, काउंटरवर विचारू नका. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून लगेच भरू नका, आधी महिना बघा, जानेवारीत तर मुळीच नको, तेव्हा रॅकपाशी वैशाली हॉटेलबाहेर असते तशी रांग लागते. आणि टू-व्हीलर लावायला जागा आहे का ते बघा. हे मी चेष्टेने सांगत नाहीये, समोरच्या बंगल्यावर “गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल” अशी पाटी असेल तर संध्याकाळची बॅच घेऊ नका.